सालीच्या कापडातलं भोक

आरोग्य केंद्रात तरुणांच्या तपासणीचा वार गुरुवार होता, आणि दर गुरुवारी केंद्रात डुकरं येत. पायऱ्या चढून, व्हरांड्यातल्या बाकाखाली शिरून ती निवांत पडत. तरुण एकही येत नसे. सिआले पांढरा गणवेश घालून, अंबाडा घट्ट बांधून, टेबलावर रक्ततपासणीच्या पट्ट्या मांडून सकाळपासून बसे आणि दुपारी त्या पट्ट्या परत डब्यात भरून ठेवी. महिन्याच्या अहवालात ‘उपस्थिती’ या शब्दापुढे ती शून्य लिही. डुकरांसाठी अहवालात रकाना नव्हता.

याला कारण तिची आई.

सिआले टोंगाच्या राजधानीत नर्सिंग शिकली आणि तिला तिथेच नोकरी लागत होती. पण एकुलती एक लेक डोळ्यांसमोर असावी म्हणून सेलूबाई एक भाजलेलं डुक्कर, दोन बारीक विणीच्या चटया आणि एक फार लांबचं नातं घेऊन राजधानीत गेल्या, बदल्या करणाऱ्या साहेबांच्या सासूबाईंना भेटल्या, आणि सिआलेची नेमणूक आपल्याच बेटावर करून आल्या. बेटाने मेजवानी दिली. आता पोरं मोकळेपणाने औषध घेतील, घरचीच तर नर्स आहे, असं पाद्रीबाबा भाषणात म्हणाले, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. बेटावरचा प्रत्येक मुलगा सिआलेचा भाऊ लागतो, ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. म्हणूनच बहुधा ती कोणाच्या लक्षात आली नाही.

सख्खा एकही नव्हता. पण सख्खा, चुलत, मावस, मामे अशी वर्गवारी इथे कोणी करत नाही. भाऊ तो भाऊ. आणि भाऊ-बहिणींनी एका खोलीत बसून सिनेमासुद्धा बघायचा नसतो, कारण पडद्यावर कधी कोण कोणाचं चुंबन घेईल याचा नेम नाही. बहिणीच्या देखत कोणी चावट बोललं तर भाऊ मुकाट्याने उठून जातो आणि बोलणाऱ्याला नंतर मार पडतो. अशा भावांना सिआलेने दर गुरुवारी सरकारी पत्रकातले प्रश्न विचारायचे होते. पहिलाच प्रश्न होता: गेल्या सहा महिन्यांत तुमचे किती जणींशी संबंध आले?

तो प्रश्न विचारण्यापेक्षा ती अंगावरच्या कपड्यांनिशी समुद्रात चालत गेली असती, आणि मुलं तिच्याही पुढे गेली असती. सगळे एकमेकांचा मान राखून होते. बेटावर कोणाला काय झालंय हे मात्र कोणालाच कळत नव्हतं.

ते कळलं लोसेमुळे. लोसे उत्तरेकडच्या बेटांतली. सिआलेचा मामेभाऊ मानासे तिला लग्न करून घेऊन आला होता. बेटावर तीच एकटी कोणाची बहीण लागत नव्हती, म्हणून बायका तिला ‘परकी’ म्हणायच्या आणि मेजवानीत कांदे चिरायला बसवायच्या. गरोदरपणाचे पहिले महिने माहेरी काढून, सहावा लागल्यावर ती तपासणीला आली. सिआलेने तिच्या बोटाचं रक्त पट्टीवर घेतलं आणि दोघी पट्टीकडे बघत बसल्या.

“दोन रेघा आल्या,” लोसे म्हणाली. “म्हणजे जुळं का गं?”

“जुळं नाही. सिफिलिस.”

लोसेला तो शब्द माहीत नव्हता. सिआलेने तिला समजावून सांगितलं. बायकांशी बोलताना तिची जीभ चांगली चालायची. “संबंधातून होणारा आजार आहे. दुखत नाही, खुपत नाही, माणूस खाऊन-पिऊन मजेत असतो. पण पोटातल्या बाळापर्यंत पोचतो.”

“आणि मग?”

राजधानीतल्या इस्पितळात सिआलेने असं एक बाळ हातात घेतलं होतं. पूर्ण दिवसांचं होतं, नखंसुद्धा नीट आलेली, आणि ते रडलं नव्हतं. “कधी मेलेलं जन्मतं,” ती म्हणाली. “पण आपल्याला वेळेत कळलंय. सुईने साफ बरा होतो. आज एक, मग दर आठवड्याला एक, अशा तीन.”

“मग झालं तर.”

“झालं नाही. मानासेलाही घ्यावी लागेल. नाहीतर तू बरी होशील, आणि पुन्हा तो आणि तू…” इथे सिआलेचे कान लाल झाले. भावाचं नाव ज्या वाक्यात आलं ते वाक्य पुढे सरकेना.

“पुरं कर की, वन्सं.”

“तूच कर.”

लोसेने ते मनातल्या मनात पुरं केलं. मग तिला मानासेचा मागचा मोसम आठवला. ऑस्ट्रेलियातल्या बागांमध्ये तो आठ महिने फळं तोडायला गेला होता. “सफरचंदं,” ती हळू आवाजात म्हणाली. “रोज फोनवर मला सांगायचा, दिवसभर सफरचंदं, दुसरं काही नाही. येऊ दे घरी. सफरचंदं दाखवते त्याला.”

तिने काय दाखवलं ते माहीत नाही, पण दुसऱ्या दिवसापासून मानासे मासेमारीला जायला लागला. त्याला होडी लागायची. लहानपणापासून तो किनाऱ्यावरूनच गळ टाकायचा. आता तो उजाडायच्या आत प्रवाळाच्या पलीकडे जायचा, दिवसभर ओकायचा आणि अंधार पडल्यावर परत यायचा. लोसेची त्याने पाय धरून माफी मागितली होती. सुई घ्यायलाही त्याची ना नव्हती. फक्त सिआलेकडून नको होती.

“मग कोणाकडून? देवमाशाकडून?” लोसेने विचारलं.

“मोठ्या बेटावर जाईन.”

मोठ्या बेटावर जाणाऱ्या बोटीचं इंजिन बिघडलं होतं आणि त्याचा सुटा भाग परदेशातून यायचा होता. शिवाय तिथली नर्स आईकडून मानासेची बहीणच होती. आणि ही सुई दंडात देत नाहीत, कुल्ल्यात देतात. हे लोसेने त्याला आधीच सांगून टाकलं होतं, आणि तिचं तेवढं चुकलंच.

लोसेच्या दोन सुया झाल्या. मानासेची एकही नाही. एका सकाळी, समुद्र खवळलेला बघून, सिआले बॅग घेऊन सरळ त्याच्या घरी निघाली. आज बोलायचंच, असं ठरवून. मी नर्स आहे, बहीण नंतर, हे वाक्य तिने वाटेभर घोकलं. मानासे अंगणात नारळ सोलत होता. त्याने तिला पाहिलं, नारळ खाली ठेवला, मान झुकवली आणि अदबीने पाठ फिरवून रताळ्यांच्या वावरातून निघून गेला. सिआले कुंपणाशी उभी राहिली. लाज वाटण्यासारखी गोष्ट ही की तिला सुटल्यासारखं वाटलं.

केंद्रात परत आल्यावर ती खूप रडली. बाकाखालचं डुक्कर उठून बाहेर गेलं. दुपारी लोसे आली तेव्हा सिआले अजून नाक पुसत होती.

“मी सेलूआत्यांना सांगते,” लोसे म्हणाली.

“वेडी आहेस का? रुग्णाची गोष्ट मी बाहेर सांगू शकत नाही.”

“तू कुठे सांगतेस? आजार माझा, नवरा माझा, मी सांगते. तू फक्त बाजूला बस आणि लाज.”

सेलूबाई म्हणजे मानासेची सख्खी आत्या. इथे आत्या म्हणाली उठ, की भाचा उठतो. तिच्या ताटातलं खात नाही, तिच्या शब्दापुढे जात नाही. त्यातून सेलूबाई चर्चच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष, आणि आवाज असा की रविवारी पाद्रीबाबासुद्धा प्रवचन त्यांच्याकडे बघत आटपायचे. लोसे सांगत होती तोवर त्या चटई विणत राहिल्या. सिआलेने जमिनीकडे बघत लाजायचं काम केलं.

“बाळाला धोका आहे?” सेलूबाईंनी विचारलं.

“त्यांनी सुई घेतली नाही तर आहे,” लोसे म्हणाली.

“आणि बाकीची पोरं? तीही फळं तोडायला जातातच की.”

“माहीत नाही,” सिआले म्हणाली. “तपासायला कोणी येतच नाही.”

“का?”

“आई, ते सगळे माझे भाऊ आहेत.”

सेलूबाईंचे हात थांबले. त्यांनी लेकीकडे पाहिलं. “हे मला आधी कोणी का नाही सांगितलं?”

“तूच मला सांगितलंस. मी दहा वर्षांची असताना.”

सेलूबाई उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि मोठी पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या त्या खांद्यावर सालीच्या कापडाची गुंडाळी घेऊन. झाडाची साल कुटून कुटून, तपकिरी रंगाने नक्षी काढून केलेलं, खोलीच्या भिंतीएवढं कापड. मंडळाच्या बायकांनी त्यावर अख्खा हिवाळा घालवला होता. सिआलेच्या लग्नासाठी होतं ते. सेलूबाईंनी ते जमिनीवर पसरलं, मध्यावर चहाची बशी उपडी ठेवली, कोळशाने गोल आखला आणि कात्री मागितली.

“आई! अगं माझ्या लग्नाचं आहे ते!”

“लग्न ठरेल तेव्हा भोकावर तुला बसवू. कात्री दे.”

“चादर घे ना एखादी. चादरीने पण आडोसा होतोच.”

“चादरीमागे माणूस लपूनछपून जातो,” सेलूबाई म्हणाल्या. “हे टांगलं की समारंभ होतो. समारंभाला नाही कोण म्हणतो ते मी बघते.” मग कात्री चालवता चालवता, वर न बघता त्या म्हणाल्या, “तुला इथे मी आणली. माझी चूक मी माझ्या कापडाने निस्तरणार.” सिआलेला आईचा राग आला आणि त्याच वेळी तिची मायाही आली. तिने कापडाचं दुसरं टोक ताणून धरलं.

त्याच संध्याकाळी रग्बीच्या मैदानावर सराव चालू असताना सेलूबाई चटई घेऊन गेल्या आणि मधल्या रेघेवर मांडी घालून बसल्या. केंद्राच्या व्हरांड्यातून सिआलेला सगळं दिसत होतं. सराव थांबला. अर्ध्या संघाच्या त्या आत्या होत्या आणि उरलेल्या अर्ध्याच्या मावशी. त्या काय बोलल्या ते ऐकू आलं नाही, पण मुलं एकेक करून मान खाली घालत गेली, वाऱ्याने गवत पडावं तशी. गुरुवारी अख्ख्या संघाने तपासणीला यायचं, नाही आला तो सामना खेळणार नाही, आणि ज्याला वाटतं आत्या विसरेल त्याने खुशाल तसं वाटून घ्यावं, असं ठरलं होतं. एकटा कोणी गेला तर गाव बोलतं. सगळेच गेले तर कोणाबद्दल बोलणार, हा सेलूबाईंचा हिशेब होता. मासेमारी त्यांनी गुरुवारपर्यंत बंद केली. मानासेचं नावसुद्धा घेतलं नाही.

गुरुवारी डुकरांना जागा उरली नाही. पोरं रांगेने आली ती चर्चला येतात तशी: केसांना तेल, स्वच्छ शर्ट, कमरेला मानाची चटई गुंडाळून दोरीने बांधलेली. बहिणीच्या समोर जायचं तर रीतसर जायला हवं. त्यातल्या काहींच्या चटया पुढे सोडाव्या लागणार होत्या हे त्यांना ठाऊक होतं, तरी बांधताना कोणी कसर केली नव्हती.

खोलीच्या मधोमध आढ्यापासून जमिनीपर्यंत ते कापड टांगलं होतं. एका बाजूला सिआले, तिचं टेबल आणि सुया. दुसऱ्या बाजूला मुलगा आणि लोसे. लोसे कोणाची बहीण नव्हती, त्यामुळे तिने काहीही विचारलं तरी चालण्यासारखं होतं, आणि चार दिवसांत सिआलेने तिच्याकडून सगळे प्रश्न पाठ करून घेतले होते. पण उत्तरं सिआलेच्या कानी पडली असती त्याचं काय? त्यासाठी व्हरांड्यात महिला मंडळाचं गायनपथक बसवलं होतं. लोसेने प्रश्न विचारायला घेतला की सेलूबाई हात वर करत आणि बायका स्तोत्र सुरू करत. देवाच्या कृपेचा सागर किती खोल आहे ते त्या सकाळी बेटाने वारंवार ऐकलं.

प्रश्न संपले की गाणं थांबे आणि लोसे ओरडे, “बोट!”

बशीएवढ्या भोकातून एक बोट आत येई. सिआले ते पुसून, टोचून, थेंब घेऊन परत पाठवी. बोटाला नाव नव्हतं. बोट कोणाचाच भाऊ नव्हतं. पट्टीचा निकाल ती घडी केलेल्या कागदातून लोसेकडे सरकवी आणि लोसे मुलाच्या कानात सांगे, आणि सोबत कंडोमची कागदी पिशवीही देई. प्रत्येकाला सारखीच पिशवी, प्रत्येकाला आत सारखाच वेळ. बाहेरच्यांना कशाचाही पत्ता लागत नव्हता.

एकदाच घोटाळा झाला. फेलेती नावाचा संघातला सगळ्यात धिप्पाड गडी आत होता. कडव्याच्या शेवटी बायकांनी नेमका एकदम श्वास घेतला आणि त्या शांततेत त्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला: “चौथीचं नाव आठवत नाही.”

सेलूबाईंनी हात वर करायची वाट न बघता बायकांनी पुढचं स्तोत्र वरच्या पट्टीत सुरू केलं. सिआलेने पट्ट्यांचा डबा उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. थोड्या वेळाने भोकातून एक जाडजूड बोट आलं. तिने नेहमीपेक्षा हळू टोचलं.

पट्ट्यांवर दोन रेघा बऱ्याच जणांच्या आल्या. सिआलेला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त. त्या मुलांना आधी पेनिसिलिनची अॅलर्जी आहे का ते लोसेने विचारलं, मग चटई सोडायला सांगितलं. “पाठ इकडे. जरा खाली वाक. आणखी थोडं. अरे, एवढं नको, मला दुसरीकडे बघायलाही जागा ठेव.” भोकात बशीएवढी कातडी येई, सिआले सुई देई, कातडी जाई. एवढ्याशा कातडीचा मान राखायला तिला काही अडचण आली नाही.

मानासे सगळ्यात शेवटी आला. गाणाऱ्या बायकांचे घसे बसले होते आणि त्याला विचारण्यासारखं काही उरलंही नव्हतं, त्यामुळे खोली शांत होती. लोसेचा आवाज आला, “वळ.” चटईची दोरी सुटल्याचा आवाज आला. बराच वेळ भोकात काहीच आलं नाही. मग आलं.

तिथे एक जुना वण होता, तिरपा, बोटभर लांब. सिआलेने तो बघितला आणि तिच्या हातातली सुई थांबली. ती सात वर्षांची असताना तिची चर्चची टोपी वाऱ्याने उडून पाण्याच्या टाकीच्या पत्र्यावर जाऊन बसली होती. मानासे ती काढायला चढला आणि पत्र्यावरून घसरला. टोपी मात्र सोडली नव्हती. तेव्हा दोघं लहान होती, अजून एकमेकांशी काहीही बोलू शकत होती. जखम शिवताना तो तिला सांगत होता, रडू नकोस, टोपीला रक्त लागलेलं नाही.

कोण आहे हे आपल्याला माहीत नाही, असं धरून चालायचं होतं. सिआलेने पुसलं, सुई टोचली, औषध दाटसर होतं म्हणून अगदी हळूहळू आत सोडलं. सुई काढल्यावर कापसाचा बोळा तिने वणापाशी दाबून धरला. लागतो त्यापेक्षा थोडा जास्त वेळ. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

“रडतोय,” लोसेने कळवलं.

“दुखलं का विचार.”

लोसेने विचारलं. “नाही म्हणतो.”

मग सिआलेने कापूस काढला.

त्याच्या तिन्ही सुया झाल्या, इतरांच्याही. बोटीचा सुटा भाग आला तोवर कोणाला बोटीची गरज उरली नव्हती. कापड तिथेच टांगलेलं राहिलं. गुरुवारी लोसे पोट सावरत व्हरांड्यात बसे आणि जाणाऱ्या-येणाऱ्या पोरांना हाका मारी: “काय रे, फळं तोडून आलास ना? मग आत ये, बोट दे, आणि तोंड काय वाकडं करतोस, मोसम तुझा होता.” पोरं हसत यायची. तिच्यापाशी बसून असलं काही विचारायची की गायनपथकाला कायमचं नेमावं लागलं. मेजवानीत तिला आता कांदे चिरायला कोणी बसवेना. परकी हा शब्द बायका अजून वापरायच्या, पण पदवी असल्यासारखा.

पावसाळा संपता संपता तिला मुलगी झाली. मुलगी जन्मल्या जन्मल्या इतकी ओरडली की रस्त्यावरची डुकरं थांबली. सिआलेने तिला उलटं-सुलटं करून तपासलं, रक्त घेतलं, राजधानीला पाठवलं, आणि चांगला निकाल येईपर्यंत धड जेवली नाही.

बाळाचं नाव आत्याने ठेवायचं, म्हणून बारशाच्या दिवशी ती मानासेच्या अंगणात सगळ्यात मानाच्या चटईवर बसली. बाळ तिच्या मांडीवर होतं. मानासे रिवाजाप्रमाणे लांब, विलायती फणसाच्या झाडाखाली, तिच्याकडे पाठ करून उभा होता. रक्ताच्या फेरतपासणीला तो दोन गुरुवार आला नव्हता. सुया झाल्या, बाळ आलं, आता कशाला, असं त्याने लोसेला सांगितलं होतं.

सिआलेने बाळाकडे बघितलं आणि तिच्या एकदम ध्यानात आलं की ही आपली बहीण नाही, भाची आहे. आत्या भाचरांना काहीही सांगू शकते. आईने मधल्या रेघेवर बसून सगळ्या संघाला सांगितलंच की.

“ऐक गं छकुले,” ती बाळाला म्हणाली. तिचा आवाज आईसारखा निघाला; अंगणातलं बोलणं थांबलं. “तू मोठी झालीस की दरवर्षी तपासणीला यायचं. काही होत नसलं तरी यायचं. हे आजार आतून होतात आणि दिसत नाहीत. लाज वाटली तर लाजत लाजत यायचं, पण यायचं. आणि सुया घेतल्या म्हणजे काम संपत नाही, बरं का. आजार खरंच गेला का ते रक्त पुन्हा तपासल्याशिवाय कळत नाही. ज्यांचं राहिलंय त्यांनी पुढच्या गुरुवारी यावं. आई पाहिजे तुला, आणि बाबाही पाहिजेत, धडधाकट.”

बाळाने जांभई दिली. सेलूबाई पंख्याने वारा घेत होत्या, तो थांबला. झाडाखाली मानासेची मान आधीच लाल झाली होती. आता कानही झाले. तो वळला नाही. वर बघत, जणू फणस मोजत, तो उभा राहिला.

“बाळा,” तो शेवटी झाडाला म्हणाला, “आत्याला सांग, बाबा गुरुवारी येतात.”

सिआलेने बाळाला सांगितलं, “बाबांना सांग, आत्याने ऐकलं.”